सांडलेले डिझेल आणि मोरीचे पाणी: जिवाणूंकडून सफाई करून घेण्याची रीत

शेतातल्या डिझेलच्या टाकीला गळती लागली, गॅरेजच्या आवारात वर्षानुवर्षे ऑइल झिरपत राहिले किंवा गावातल्या मोऱ्यांचे पाणी ओढ्याला जाऊन मिळाले, की पहिला विचार येतो तो माती उचलून दुसरीकडे टाकण्याचा किंवा ओढ्यावर फरशा टाकून तो झाकून घेण्याचा. या दोन्ही उपायांत घाण जागा बदलते, कमी होत नाही. जैविक पद्धतीत ती खरोखर कमी होते, कारण माती आणि पाण्यातले जिवाणू तेलातला किंवा सांडपाण्यातला कार्बन खातात आणि त्यापासून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि स्वतःच्या नव्या पेशी तयार करतात. असे जिवाणू बहुतेक ठिकाणी आधीपासून हजर असतात. त्यांचे काम अडते ते हवेवाचून, ओलाव्यावाचून किंवा नत्र-स्फुरदावाचून (नायट्रोजन-फॉस्फरसवाचून). या गोष्टी पुरवणे एवढेच आपल्या हाती असते. मात्र ते मोजूनमापून आणि महिनोन्महिने करावे लागते.

आधी प्रदूषक कोणता ते ठरवावे

डिझेल, रॉकेल, वंगणतेल, खाद्यतेल, मैला, साबणाचे पाणी ही सगळी सेंद्रिय घाण आहे आणि जिवाणूंना ती खाता येते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, आर्सेनिक यांचे तसे नाही. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे कोणताही जिवाणू ते नष्ट करू शकत नाही. फार तर त्याचे रूप बदलतो. उदाहरणार्थ, पाण्याबरोबर सहज वाहणारे विषारी सहासंयुजी क्रोमियम काही जिवाणू मातीला चिकटून राहणाऱ्या त्रिसंयुजी रूपात आणतात. वनस्पतींचा उपाय धातूंसाठी सांगितला जातो, आणि मोहरी शिसे शोषते किंवा टेरिस विटाटा हे नेचे आपल्या पानांत आर्सेनिक साठवते (हे २००१ साली फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवून दिले) हे खरेही आहे. परंतु पीक कापल्यावर धातू त्या पाल्यात असतो. तो पाला गुरांना घातला, चुलीत जाळला किंवा खतात टाकला, की सगळे मुसळ केरात. शिवाय जमीन साफ होण्यास अशी कित्येक पिके घ्यावी लागतात. कारखान्याचे सांडपाणी मुरलेली, रंगकामाच्या किंवा बॅटरीच्या धंद्याजवळची जमीन असेल, तर प्रयोगशाळेत धातूंची तपासणी केल्याशिवाय पुढे दिलेली कोणतीही पद्धत सुरू करू नये.

पुढचे विवेचन सेंद्रिय घाणीपुरतेच आहे, आणि त्यातही घरगुती, शेतीवरच्या किंवा छोट्या गावाच्या आवाक्यातल्या दोन कामांपुरते. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ड्रममधले ऑइल ‘जिवाणू खातील’ या भरवशावर मातीत ओतणे हा नियमभंगच ठरेल. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. टँकर उलटण्यासारखी मोठी गळती असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवल्यावाचून मातीला हात लावू नये.

तेलाने बिघडलेली माती

सर्वप्रथम गळती बंद करावी आणि वर साचलेले तेल लाकडाच्या भुशाने किंवा कोरड्या वाळूने टिपून वेगळे काढावे. पेट्रोल सांडले असेल तर पहिले काही दिवस वाफेचा आणि आगीचा धोका खरा असतो. त्या काळात तिथे विडीकाडी, वेल्डिंग आणि पंपाचा स्विच हे सगळे वर्ज्य समजावे.

त्यानंतर तेल किती खोल गेले आहे ते पाहावे. पहारीने दीड-दोन हातांच्या अंतरावर भोके घेऊन प्रत्येक वितीवरची मूठभर माती काढावी आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टाकून ढवळावी. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर तेल तिथवर पोचले आहे असे समजावे. तवंग न दिसणे म्हणजे माती शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे, परंतु खोदकाम कुठे थांबवायचे याचा अंदाज यावरून चांगला येतो. जवळ विहीर किंवा बोअर असेल आणि खालच्या थरातही तवंग दिसत असेल, तर तेल भूजलापर्यंत गेल्याची शक्यता धरून ते पाणी पिण्यास ताबडतोब बंद करावे. भूजलात उतरलेले तेल काढणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

खोदलेल्या मातीसाठी विहिरीपासून दूर, उंचवट्यावर, पावसाचे पाणी न साचणारी जागा निवडावी. शेततळ्यासाठी मिळणारा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद खाली अंथरावा, कडेने वीतभर उंच बांध घालून कागद त्यावर चढवावा आणि एका कोपऱ्याकडे किंचित उतार द्यावा, म्हणजे निचऱ्याचे पाणी खड्ड्यात जमा करून पुन्हा मातीवरच शिंपडता येते. या कागदावर माती एक फूट, जास्तीत जास्त दीड फूट जाडीने पसरावी. यापेक्षा जाड थरात खालपर्यंत हवा पोचत नाही. जागा कमी असल्यास ढीग घालून मधून छिद्रांचे पीव्हीसी पाइप टाकता येतात, पण ब्लोअर लावून हवा खेळवल्याशिवाय त्या पाइपांचा भरवसा धरू नये.

आपल्याकडची काळी माती या कामाला सर्वांत अवघड आहे. ओली झाली की फुगून चिकट होते, वाळली की दगडासारखी ढेकळे होतात, आणि ढेकळाच्या पोटातले तेल हवेवाचून वर्षभर तसेच राहते. म्हणून ढेकळे फोडून त्यात उसाच्या चिपाडाचा चुरा, भाताचे तूस किंवा जाडसर भुसा मिसळावा. मातीच्या चार-पाच पाट्यांना एक पाटी हे प्रमाण बहुतेक वेळा पुरते. कोकणातल्या जांभ्या मातीत हवा सहज खेळते, पण ती आम्लधर्मी असते. सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान असावा, आणि ६ च्या खाली असल्यास शेतीचा चुना मिसळून तो वर आणावा.

आता खताचा हिशेब. तेलात कार्बन भरपूर असतो, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतात. त्यामुळे जिवाणूंपुढे ताट वाढलेले असते आणि तरी त्यांची वाढ खुंटते. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण १००:१०:१ धरण्याची पद्धत आहे. एक ब्रास (१०० घनफूट) मातीचे वजन ढोबळमानाने ४ टन धरू. तपासणीत तेलाचे प्रमाण १ टक्का आले, तर त्या मातीत ४० किलो तेल आहे आणि त्यात साधारण ३४ किलो कार्बन आहे. त्यासाठी ३.४ किलो नत्र हवे. युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे सुमारे साडेसात किलो युरिया लागेल. स्फुरद ३४० ग्रॅम हवे, आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये मूलद्रव्य स्फुरद ७ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे ते ५ किलो पुरेल. सुपर फॉस्फेट सुरुवातीलाच मिसळावे. युरिया मात्र एकदम घालू नये. एवढ्या युरियाने क्षार आणि अमोनिया वाढून जिवाणूच मरगळतात. चार भाग करून तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पाण्यात विरघळवून शिंपडावा, आणि मातीला अमोनियाचा झणका येऊ लागला तर पुढचा हप्ता थांबवावा. तूस किंवा भुसा जास्त घातला असेल तर तो कुजतानाही नत्र ओढतो, हे लक्षात ठेवावे.

तेलाचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असल्यास माती जिवाणूंनाच विषारी ठरू लागते. अशा वेळी आधीच्या खेपेतली अर्धवट साफ झालेली माती तिच्यात मिसळून प्रमाण खाली आणणे सोयीचे पडते, कारण तिच्यात तेल खाण्याला सरावलेले जिवाणूही असतात.

ओलावा पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. मूठभर माती आवळल्यावर तिचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये. गोळा लगेच भुगा झाला तर पाणी कमी आहे. हात ओला झाला तर मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून हवा कोंडली आहे. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा आणि नंतर पंधरवड्याने एकदा माती फावड्याने किंवा छोट्या रोटाव्हेटरने खालवर करावी. कागद फाटू नये म्हणून तळाशी चार बोटे वाळूचा थर देऊन ठेवलेला बरा. एक किलो तेल पूर्ण पचवायला जिवाणूंना तीन किलोहून अधिक ऑक्सिजन लागतो. ही पलटी किती महत्त्वाची आहे ते या एका आकड्यावरून कळते, आणि काम फसते ते बहुधा इथेच, कारण पहिल्या महिन्यानंतर वास गेला की कोणी फावडे हातात घेत नाही. वास जाणे म्हणजे हलका अंश उडून जाणे; जड तेल अजून मातीतच असते.

ऋतूचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. थंड देशांत हिवाळ्यात काम बंद पडते, आपल्याकडे पावसाळा आणि मे महिना आडवे येतात. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात माती पसरली तर मार्चपर्यंतचा काळ उत्तम मिळतो. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या मातीचा वरचा थर इतका तापतो की जिवाणूंचे काम मंदावते, म्हणून वर पाचटाचे आच्छादन देऊन संध्याकाळी पाणी शिंपडावे. जूनच्या आत मातीवर ताडपत्री पक्की बांधावी. पावसात उघडी राहिलेली माती धुपून शेजाऱ्याच्या बांधात गेली, तर भांडण आणि प्रदूषण दोन्ही वाढते.

बाजारात मिळणाऱ्या कल्चरच्या, म्हणजे तयार जिवाणूंच्या, बाटल्यांविषयी हमखास विचारणा होते. काही ठिकाणी त्यांचा उपयोग निश्चित आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने विकसित केलेले ऑइलझॅपर हे जिवाणूंचे मिश्रण तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या तेलकट गाळावर वापरले जाते, आणि ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे आदळून सांडलेल्या तेलावरही ते किनाऱ्यावर वापरले गेले. याच्या उलट उदाहरण अलास्काचे आहे. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे १.१ कोटी गॅलन तेल सांडले, तेव्हा तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर नत्र-स्फुरदयुक्त खत फवारून स्थानिक जिवाणूंनाच चालना दिली गेली. आणि आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेला तेलभक्षी जिवाणू, ज्याच्या पेटंटसाठी १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निकाल दिला, तो कायद्याच्या इतिहासात जेवढा गाजला तेवढा चिखलात कधी उतरला नाही. माझे मत असे आहे, की जुन्या गळतीच्या जागी बाटलीवर पैसे घालण्याआधी खत, पाणी आणि पलटी यांवर घालावेत. कल्चर घ्यायचेच असेल तर अर्ध्या मातीवर वापरून अर्ध्या मातीशी ताडून पाहावे. शेणाची स्लरी थोडी मिसळायला हरकत नाही. गूळ मात्र घालू नये. जीवामृताच्या सवयीने तो घातला जातो, आणि जिवाणू तेल सोडून आधी गुळावरच ताव मारतात.

माती जिवंत आहे की नाही हे घरीच पाहता येते. झाकणाच्या मोठ्या बरणीत ओलसर माती अर्ध्यापर्यंत भरावी, तिच्यावर चुन्याची गाळलेली निवळी असलेली छोटी वाटी ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. शेजारी तशीच दुसरी बरणी मातीशिवाय ठेवावी. जिवाणू काम करत असतील तर त्यांच्या कार्बन डायऑक्साइडने पहिल्या वाटीतली निवळी दुधाळ होते आणि तिच्यावर पांढरी साय धरते. रिकाम्या बरणीतली निवळी फारशी बदलत नाही. खत घातलेल्या आणि न घातलेल्या मातीच्या बरण्या एकाच वेळी लावल्या, तर कोणती आधी दुधाळ होते यावरून खताची गरज डोळ्यांना दिसते.

अखेरचा निर्णय मात्र प्रयोगशाळेतल्या एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनच्या चाचणीवर सोपवावा. नमुना एका जागचा न घेता आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून घ्यावा, सुरुवातीला एकदा आणि नंतर दर दोन-अडीच महिन्यांनी. डिझेलचे आकडे काही महिन्यांत झपाट्याने उतरतात आणि मग रेषा सपाट होते, कारण सरळ साखळीचे रेणू आधी संपतात आणि डांबरासारखे जड रेणू मागे उरतात. इंजिन ऑइलमध्ये हा जड भाग मुळातच जास्त असतो आणि घर्षणातून व रसायनांतून आलेले धातूही असतात, त्यामुळे तिथे धातूंची तपासणीही करून घ्यावी. आकडे उतरल्यावर चांगल्या मातीची एक आणि या मातीची एक अशा दोन कुंड्यांत प्रत्येकी पन्नास दाणे मूग किंवा मेथीचे पेरावेत. दोन्हींकडे उगवण आणि मुळांची लांबी सारखी आली तर माती बांधावर किंवा शोभेच्या झाडांखाली वापरता येईल. भाजीपाल्याच्या वाफ्यात ती टाकण्याची घाई करू नये.

मोरीचे पाणी

परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची आपली जुनी पद्धत शास्त्राला धरूनच आहे. तिचे मोजमाप करून बांधलेले रूप म्हणजे खडीचा वनस्पती-वाफा. झाडे घाण पिऊन टाकतात असा समज आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक काम खडीवर आणि मुळांवर धरलेल्या बुळबुळीत थरातले जिवाणू करतात. झाड त्यांना टेकू देते, थोडा ऑक्सिजन देते आणि थोडे नत्र उचलते. म्हणून झाडांच्या जातीपेक्षा खडीच्या निवडीकडे अधिक लक्ष द्यावे.

माणशी ५५ लिटर पाणीपुरवठा धरला तर त्यातले ८० टक्के, म्हणजे ४४ लिटर, सांडपाणी होते. पाच माणसांच्या घराचे दिवसाला २२० लिटर. ते वाफ्यात तीन दिवस राहिले पाहिजे, म्हणजे ६६० लिटर पाणी मावेल एवढी पोकळी हवी. खडीत पोकळी सुमारे ३६ टक्के असते, म्हणून वाफा १.८ घनमीटरचा हवा. पाण्याची खोली ६० सेंटिमीटर ठेवल्यास एका घराला ३ चौरस मीटर जागा लागते. पन्नास घरांच्या वस्तीला १५० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा. साधारण ७ मीटर रुंद आणि २१-२२ मीटर लांब असा वाफा त्यात बसतो. हा हिशेब फक्त न्हाणी आणि स्वयंपाकघराच्या पाण्याचा आहे. शौचालयाचे पाणी जोडायचे असेल तर आधी सेप्टिक टाकी आणि किमान दुप्पट जागा धरावी.

वाफ्याच्या आधी दोन कप्प्यांची टाकी बांधणे टाळू नये. पहिल्या कप्प्यात तेल-तूप, भाताची शिते आणि राख अडते, दुसऱ्यात बारीक गाळ बसतो. ही टाकी दर महिन्याला साफ केली नाही, तर तोच गाळ खडीत जाऊन वाफा दोन-तीन वर्षांत तुंबतो आणि सगळी खडी काढून धुवावी लागते. वाफ्याचा तळ शेततळ्याच्या कागदाने किंवा सिमेंटने बंद करावा आणि निर्गमाकडे शंभराला एक एवढाच उतार द्यावा. दोन्ही टोकांना अर्धा मीटरभर हाताच्या मुठीएवढे गोटे आणि मधल्या भागात १० ते २० मिलिमीटर धुतलेली खडी भरावी. धुतलेली म्हणजे खरोखर धुतलेली. खडीक्रशरवरची धूळ पोकळ्या पहिल्याच वर्षी भरून टाकते.

निर्गमाच्या पाइपला फिरता कोपर बसवावा, म्हणजे तो उभा-आडवा करून आतली पाण्याची पातळी वर-खाली करता येते. पाणी नेहमी खडीच्या पृष्ठभागाखाली निदान चार-पाच सेंटिमीटर राहावे. वर पाणी दिसले की डास झाले म्हणून समजावे. कर्दळ, वाळा, पाणकणीस किंवा देवनळ यांपैकी ओढ्याकाठी मिळेल ते चौरस मीटरला चार रोपे या हिशेबाने लावावे. पहिले दोन-तीन महिने मुळे धरेपर्यंत पातळी वर ठेवून नंतर हळूहळू खाली आणावी, म्हणजे मुळे खोल जातात. जलपर्णी कुठल्याही कारणाने आणू नये. ती नत्र-स्फुरद वेगाने शोषते हे खरे, पण मुळा-मुठा आणि पंचगंगेवर दर उन्हाळ्यात काय होते ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. वेळेवर न काढलेली जलपर्णी कुजून सगळे पाण्याला परत देते आणि वर ऑक्सिजनही खाते.

वस्तीतल्या प्रत्येक घराला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: मोरीत ॲसिड, ब्लीचिंग पावडर किंवा फिनाइलची बाटली रिकामी करू नये. एका लग्नघरातून एका दिवशी गेलेले असे पाणी वाफ्यातल्या जिवाणूंना आठवडाभर मागे नेते. निर्गमाच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला तर आत हवा कमी पडते आहे. तेव्हा एक-दोन दिवस पातळी बरीच खाली उतरवून खडीला हवा लागू द्यावी आणि टाकीतला गाळ काढावा. वाढलेली झाडे वर्षातून दोनदा कापून बाहेर न्यावीत. कापलेली कर्दळ वाफ्यातच पडू दिली तर उचललेले नत्र पुन्हा पाण्यात उतरते.

बाहेर पडणारे पाणी नदी-ओढ्यात सोडायचे असेल तर त्याचा बीओडी (त्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, तो तपासून घ्यावा. रोगजंतू या वाफ्यात कमी होतात, संपत नाहीत, आणि साबणातल्या स्फुरदाचाही बराच भाग तसाच पुढे जातो. म्हणून हे पाणी नारळ, केळी, चारा किंवा रस्त्याकडेच्या झाडांना द्यावे. कोथिंबीर, पालक, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीला टेकणाऱ्या भाज्यांना देऊ नये, आणि देताना फवारा न वापरता सरीतून किंवा आळ्यातून द्यावे.